कच्च्या रंगाचा शिक्का

अण्णा, गेल्या महिन्यात तुझ्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की शेवटी मला राग आला. व्यापारी मंडळातले एक गृहस्थ उठले, घसा खाकरला, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, “सिद्रामअप्पा सचोटीनं वागले म्हणून त्यांची भरभराट झाली. धंद्यात सचोटीसारखी दुसरी गुंतवणूक नाही.” टाळ्या वाजता वाजता राहिल्या, शोकसभा आहे हे लोकांना ऐन वेळी आठवलं. मी बायकांच्या रांगेत बसले होते. तू असतास तर लांबून डोळे मिचकावले असतेस आणि घरी आल्यावर म्हणाला असतास, “गुंतवणूक म्हणे! तंगी, त्यांना विचारायचंस की, व्याज किती मिळालं?”

आता मला तंगी म्हणणारं कोणी राहिलं नाही. घरात आपली कानडी, बाजारात मराठी आणि मागांवर तेलुगू. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण; मराठीत काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तू कारखान्याच्या या टोकावरून “तंगी! ए तंगी!” म्हणून ओरडायचास. एकदा ऑफिसात बसलेला एक नवा व्यापारी घाबरून कारकुनाला हळूच विचारत होता, मालकांची परिस्थिती इतकी वाईट आहे का? तू त्याला चहा पाजलास आणि म्हणालास, “तंगी आहेच हो आमच्याकडे. पण ती घडीखात्यात बसते.”

त्या घडीखात्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले, तेव्हा घरातल्या थोरामोठ्यांनी मला देवघर दाखवलं. पूजा कर, वाती वळ, मन रमेल. आठवडाभरानं एके सकाळी तू मला कारखान्यात नेऊन चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकांपुढे उभं केलंस. “आजपासून हे खातं हिचं. हिनं नापास केलेली चादर मी पास करणार नाही.” एवढंच भाषण. भावकीतले लोक वर्षभर तोंडं वाकडी करत होते. तू त्यांच्याशी भांडला नाहीस, त्यांना नमस्कार करत राहिलास आणि मला कामाला लावत राहिलास. माझं आयुष्य तिथून पुन्हा सुरू झालं, अण्णा. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. पण आपण दोघं समोरासमोर आलो की भांडायचोच, त्यात हे सांगायचं राहून गेलं.

आपल्यात माणसाला बसवूनच मातीत निरोप देतात. तुझा शिवानंद तिथून घरी आला आणि म्हणाला, “आत्या, अप्पा कामावर बसल्यासारखे दिसत होते.” मला रडू आलं आणि हसूही आलं. जन्मभर कामगारांना “बसा की, बसा” म्हणत स्वतः उभा राहिलेला माणूस शेवटी एकदाचा बसला.

पण त्या गृहस्थांना उत्तर द्यायचं राहिलंय, आणि ते मला तुझ्यासमक्ष द्यायचं आहे. सचोटीनं तुझी भरभराट झाली, ही थाप आहे. मी तिथं होते. सचोटीचं बिल मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुष्काळाचं ते वर्ष आठव. कापडाच्या धंद्याला सूत लागतं हे सगळ्यांना कळतं. पाणी किती लागतं हे फक्त रंगाऱ्याला कळतं. लाल सूत रंगवल्यावर ते पुन्हा पुन्हा धुवायचं. सुटा रंग जेवढा जायचा तेवढा जाऊ द्यायचा, मग उरतो तो पक्का. त्या वर्षी आपल्या विहिरीत तळाचे दगड दिसायला लागले होते. आपला रंगारी नरसय्या एकाच हौदाच्या पाण्यात तीनतीनदा सूत बुडवत होता, आणि पाणी इतकं लाल झालं होतं की त्यात सूत धुतोय की आणखी रंगवतोय हे सांगता येईना. शेवटी तो तुझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“शेठ, रंग बसंना. पैल्या धुण्यातच सुटतंय बघा.”

आणि समोर नातेपुत्याच्या बाबूशेठची मोठी मागणी होती, हिवाळ्याची. त्या मागणीवर पाऊस येईपर्यंत सगळे माग चालले असते. ती गेली तर निम्मे माग बंद, आणि विणकरांची घरं दुष्काळी कामावर, रस्त्यावर खडी फोडायला. ज्यांच्या बोटांना धागा तुटल्याचं न बघता कळतं, त्यांच्या हातात हातोडा. हे कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. न रंगवता पांढऱ्याच चादरी विणाव्यात, तर खेड्यात पांढरी चादर घेतो कोण? तिथं मळखाऊ रंग लागतो.

तू दोन दिवस विचार केलास आणि म्हणालास, “माल देऊ. पण ‘पक्का रंग’ असा शिक्का मारायचा नाही.”

“नको मारू,” मी म्हटलं. “कोरी राहू दे.”

“कोरी कशी? इतकी वर्षं आपल्या चादरीवर पक्का असं लिहिलेलं असतं. शिक्का नसला तरी लोक तोच वाचणार. ‘कच्चा रंग, वेगळी धुवावी’ असा शिक्का करून घेऊ.”

अण्णा, त्या दिवशी मी तुला काय काय बोलले! माल विकायचाय की दवंडी पिटायचीय? आपल्याच मुलीच्या कपाळावर कुणी ‘काळी’ असं गोंदतं का? तू नेहमीसारखा म्हणालास, “सुम्म कुंद्र,” म्हणजे गप्प बस. मी काही गप्प बसले नाही. “त्या शिक्क्याला मी हात लावणार नाही, तुझा तू मार,” म्हणून मी सरळ सुताच्या खोलीत जाऊन लड्या मोजत बसले. त्याचा पश्चात्ताप मला तेव्हा झाला नाही आणि आजही नाही.

तू कागदावर स्वतःच्या हातानं मजकूर लिहिलास. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तो कागद विजापूर वेशीतल्या करीमचाचांकडे गेला. आपले सगळे शिक्के वर्षानुवर्षं तेच करायचे. शिक्का आला, घडीखात्यातल्या बायकांनी तो धडाधड मारला. त्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, आणि कारखान्यात ज्यांना येत होतं त्यांनी रोजचा शिक्का कशाला वाचावा? गाठी बांधल्या, पहिला ट्रक नातेपुत्याला गेला.

त्यानंतर एका दुपारी चाचा स्वतः आले. चहा घेतला आणि मोठ्या कौतुकानं विचारलं, “सिक्का कैसा हुआ जी, शेठ?”

“उत्तम झाला असणार. तुमचं काम आहे ते,” तू म्हणालास.

“तुमारे लिखने में जरा गल्ती हुई थी. मैं सुधार को दिया.”

“कसली गल्ती?”

“अरे, अपने माल कू कौन कच्चा बोलता जी? मैं समझ गया. कच्चा काट को पक्का बना दिया, धोने का भी निकाल दिया. जास्ती पैसा नक्को.”

चाचांचा चेहरा असा, की आपण दोस्ताची अब्रू वाचवली. मी दारात उभी होते, पुढे आले आणि बघते तर तू हसत होतास. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतास. दुसरा मालक असता तर चाचांची खरडपट्टी काढून मोकळा झाला असता. तू त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणालास, “चाचा, तुमची चूक नाही. माझ्यावर माझ्यापेक्षा तुमचा जास्त भरवसा आहे, एवढंच. पण आता दुसरा शिक्का करा, आणि या वेळी माझी गल्ती आहे तश्शी राहू द्या.”

चाचा गेल्यावर मी तुला बाजूला घेतलं. मला तर साक्षात मार्ग दिसत होता. “अण्णा, आपण खोटं बोललोच नाही. तू कच्चा लिहून दिलंस, मी शिक्क्याला हात लावला नाही, बायकांना वाचता येत नाही आणि चाचांनी प्रेमापोटी केलं. एकाच्याही मनात पाप नाही. मागणी वाचली, माग वाचले. देवानंच हे केलं असं समज.”

तू म्हणालास, “देव शिक्के करायला लागला तर करीमचाचांनी खायचं काय?”

हे तुझं नेहमीचं. माणूस पोटतिडकीनं बोलत असला की मध्येच असं काही टाकायचं की त्याला हसू फुटावं आणि मुद्दा हातातून सुटावा. मी हसले नाही. मग तू गंभीर झालास आणि सगळ्यांना अंगणातल्या लिंबाखाली बोलावलंस. काही लपवलं नाहीस. शिक्का चुकलाय, मी नातेपुत्याला जाऊन सांगणार आहे. माल परत येऊ शकतो. आला तर काम कमी पडेल. हे आधीच सांगतोय, मागाहून तुमच्या कानावर यायला नको.

नरसय्या म्हणाला, “शेठ, मग जाऊ नका की ओ. कोन बघायलंय?”

“तुझं म्हणणं मला कळतंय,” तू म्हणालास. आणि दुसऱ्या दिवशी गेलास. जाताना मला बरोबर घेतलंस. “तू चल. तुझं तोंड माझ्यापेक्षा चांगलं चालतं.”

एस. टी. मोहोळपर्यंत आली. बाहेर जमीन भाजून निघालेली, रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि ढिगांमागे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. त्यांच्याकडे बोट दाखवून मी तुला विचारलं, “सचोटी तुझी आणि पोट त्यांचं, हा कुठला न्याय? तुला शांत झोप लागावी म्हणून नरसय्याच्या बायकोनं इथं येऊन बसायचं का?”

“तुझा प्रश्न बरोबर आहे,” म्हणालास. मी पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले. पुढचं वाक्य आलंच नाही.

बाबूशेठनी आपलं म्हणणं ऐकलं आणि चष्मा काढून पुसला. “आवो अप्पा, शिक्का वाचून चादर घेणारं गिऱ्हाईक आमच्या गावात अजून जन्माला यायचंय. रंग बघत्यात, हात लावून बघत्यात, घेत्यात. तुमी गप ऱ्हावा की.”

“पण शिक्क्याखाली माझं नाव आहे,” तू म्हणालास.

दुकानात तेव्हा माणसं होती. कळपावरून आलेली एक धनगरीण बाई आपल्या मालातली एक लाल चादर मांडीवर घेऊन तिच्या दश्या मोजत बसली होती. तू बाबूशेठकडे एक तांब्या पाणी मागितलंस. त्या दिवसांत पाणी मागताना माणसाची मान खाली जायची, तरी मागितलंस. त्या चादरीचं टोक भिजवलंस आणि आपल्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर दाबलंस. मांडीवर तळहाताएवढा लाल डाग उठला. माझ्या वहिनीनं निळीत घालून चमकवलेलं धोतर! मी कपाळाला हात लावला.

“बाई, हिचा रंग जातो,” तू तिला म्हणालास. “वेगळी धुवा.”

बाईनं डागाकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. “रंग जातोय, पर ऊब जाती का?”

“नाही. ऊब पक्की आहे.”

“मग घ्येती की. पर रंग कच्चा हाय म्हंतासा, तर भाव बी कच्चाच लावा.”

अख्खं दुकान हसलं. बाबूशेठ तेवढे हसले नाहीत. तुझ्या एका तांब्यानं त्यांच्या दुकानातला भाव उतरला होता, आणि दारात उभे असलेले बाकीचेही आता आपापल्या चादरींची टोकं चाचपायला लागले होते. ते शांतपणे म्हणाले, “अप्पा, तुमी तुमचं पुण्य कमवा. माझं दुकान कशाला बुडवताय? गाठी घिऊन जावा.” बाबूशेठ लबाड माणूस नव्हते, हे मी आवर्जून लिहिते. त्यांनी जे म्हटलं तेच मी येताना एस. टी.त तुला म्हटलं होतं, फक्त मी तुझी बहीण असल्यामुळे जरा मोठ्यानं.

गाठी परत आल्या. बाबूशेठनी तुझ्याकडून पुन्हा कधीही माल घेतला नाही. पाऊस आला, विहीर भरली, नरसय्याचा लाल रंग पुन्हा दगडासारखा पक्का झाला, तरी घेतला नाही. शोकसभेतल्या त्या गृहस्थांनी हे लिहून घ्यावं. आपला कारखाना वाढला तो पुढे टॉवेलांना मागणी आली म्हणून, शिवानंदनं नवे माग आणले म्हणून आणि पाऊस चांगले झाले म्हणून. त्या तांब्याभर पाण्यातून एक छदामही उगवला नाही.

मग मला तुझा अभिमान कशाचा वाटतो? खरं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. खरं बोलतात, वर मान करून घरी जातात, आणि त्याची किंमत दुसराच कुणी चुकती करत बसतो. तू परत आल्यावर पहिल्यांदा विणकरांकडे गेलास, धोतरावरच्या त्या डागासकट. म्हणालास, काम निम्मं झालंय, पण माणसं निम्मी होणार नाहीत. सगळे पाळीनं काम करतील. ज्याची पाळी नाही त्याची चूल मी बघतो. आणि बघितलीस. तुझी जीव की प्राण फटफटी गेली, वहिनीच्या पाटल्या गेल्या, आणि तू मालक असून उन्हातान्हात पायी चालायला लागलास. चालताना कुणी भेटलं तर म्हणायचास, डॉक्टरांनी सांगितलंय. आपल्या कारखान्यातलं एकही घर खडीवर गेलं नाही. शोकसभेत मागच्या भिंतीला टेकून जे उभे होते ना, ज्यांना कुणी बोलायला बोलावलं नाही, ते हेच.

तेव्हासुद्धा मी तुला सोडलं नाही. “हा तोडगा झाला,” मी म्हटलं. “माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही झालं. उद्या फटफटी नसेल, पाटल्या नसतील, तेव्हा काय करशील?”

“उत्तर सापडलं की सांगीन,” तू म्हणालास. सांगितलं नाहीस. मला वाटतं तुला ते सापडलंच नाही, आणि सापडलंय असा आव तू कधी आणला नाहीस. पुढे कितीदा तरी आपण त्यावरून भांडलो. जेवताना, सणावाराला, पाहुण्यांसमोरसुद्धा. वहिनी म्हणायची, “झालं यांचं नातेपुतं सुरू.” एकदा मी चिडून म्हटलं, निदान लोकांना असं तरी सांग की खरं बोलल्यानं शेवटी फायदाच होतो, म्हणजे पोरंसोरं तसं वागतील. तू ताटावरून मान वर करून म्हणालास, “तसं सांगितलं तर पुढचा माणूस फायदा दिसेपर्यंत थांबून राहील.” मी तुझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. शिवानंदनं हट्टानं मला तुझ्या खुर्चीत बसवलंय. मी नाही म्हटलं, पण तो तुझाच मुलगा, नमस्कार करतो आणि ऐकत नाही. एका वसतिगृहाचे टॉवेल होते. बांधायची वेळ झाली आणि लक्षात आलं, सगळा माल रुंदीला चार बोटं कमी भरलाय. मागावर काहीतरी चुकलं होतं. मुलांचं वसतिगृह, टॉवेल मोजून कोण बघतो? दुसरं काम हातात नाही, माल परत आला तर महिना कठीण आहे. शिवानंद, नरसय्या आणि घडीखात्यातल्या दोघी माझ्यासमोर उभे होते, मधे तो टॉवेल पसरलेला.

मी म्हटलं, “आधी त्यांना कळवा. चार बोटं कमी आहेत म्हणावं. घेतले तर घेतले, नाहीतर परत आणू.”

बोलले आणि माझी मीच दचकले. हे वाक्य माझं नव्हतंच. माझं वाक्य याच्या पुढचं असतं. चार बोटांनी कुणाचं अंग ओलं राहतं का, या महिन्याच्या चुली कशा पेटणार, सचोटी कुणाची आणि पोट कुणाचं. ते कुणीतरी आता म्हणणार म्हणून मी वाट पाहिली. नरसय्याकडे पाहिलं, ज्यानं तुला लिंबाखाली भर सभेत अडवलं होतं. त्यानं टॉवेलाची घडी घातली आणि म्हणाला, “बरोबर बोलायलाव, अक्का. मी सोता जाऊन सांगतो त्यांना.” शिवानंद पत्र लिहायला बसलासुद्धा. त्या दोघींनी गाठीची दोरी सोडायला घेतली.

तू घडवलेली माणसं आहेत, अण्णा. ऊर भरून यावा अशी माणसं आहेत. आणि मी तुझ्या खुर्चीत बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. माझ्याशी कुणीही भांडलं नाही. एकजणही नाही.